दहावा माणूस कुणी शोधायचा?

प्रति,
आमच्या मशिदीचे विश्वस्त, कमिटीचे सभासद, प्रार्थना चालवणारे हझ्झानसाहेब आणि आपली समस्त जमात यांस,

सप्रेम शालोम.

हा विषय मी याआधीही तुमच्या कानावर घातला आहे. जिन्यात उभं राहून सांगितलं, मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांच्या, ताटाशी बसून सांगितलं, वार्षिक सभेत 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' यातही मांडला. त्या आयत्या वेळच्या विषयांचं काय होतं ते सभेला बसणारा प्रत्येक जण जाणतो. तोवर बटाटेवडे आलेले असतात. म्हणून आता जाहीर लिहिते आहे.

जाहीर लिहिण्याला दुसरंही कारण आहे. आपली निम्मी जमात हल्ली नोटीस बोर्डासमोरून जातच नाही. ती मोबाइलवर सापडते. शिवाय हे पत्र आपले मराठी शेजारीही वाचतील. त्यांतल्या अनेकांना बेने इस्राएल, म्हणजे आपण मराठी ज्यू, हे कोकणातले शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, एवढंच माहीत असतं, आणि आपण सिनेगॉगला, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळाला, 'मशीद' म्हणतो हे ऐकून ते बुचकळ्यात पडतात. आपली तर मांडवीतली १७९६ सालची शआर हारहामीम ही 'जुनी मशीद' आणि तिच्यानंतरची शआरे रासोन ही 'नवी मशीद'. अशा काही गोष्टी मी त्यांच्यासाठी उलगडून सांगणार आहे. जाणत्यांनी तेवढं सोसून घ्यावं.

मागणी थोडक्यात अशी. आपल्यात माणूस गेला की त्याच्यामागे कद्दीश ही प्रार्थना म्हणतात. कद्दीश एकट्यानं म्हणता येत नाही, तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष, म्हणजे मिनियान, हजर लागतात. ही दहा माणसं गोळा करायचं काम आपण, ज्याच्या घरातलं माणूस गेलं आहे, त्याच्याच गळ्यात टाकलं आहे. ते त्याच्या गळ्यातून काढा.

पहिल्या सात दिवसांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, हे आधी लिहून ठेवते. बाबा गेले तेव्हा आम्हाला काही सुचायच्या आत माणसं आली. कुणी आरशावर चादर टाकली, कुणी पलंग भिंतीला उभा करून खाली सतरंज्या घातल्या, कुणी वरळीला जाऊन दफनाची व्यवस्था बघितली. दुखवट्यातल्या घरानं पहिला घास आपल्या चुलीवरचा खायचा नाही, तो शेजाऱ्यानं आणून द्यायचा, ही आपली रीत. पलीकडच्या विंगमधली मावशी उकडलेली अंडी आणि मसुराची आमटी घेऊन आली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पिठलं-भात पाठवला, कारण त्यांच्यातही असंच करतात. दोन्ही डबे ओट्यावर शेजारी शेजारी होते आणि कुठला आधी उघडायचा यावर माझ्या आत्यांमध्ये हलक्या आवाजात वाद झाला. रोज संध्याकाळी इतके पुरुष यायचे की टोप्या पुरत नव्हत्या. चौघा-पाचांनी डोक्याला हातरुमाल बांधले होते. चपला जिन्याच्या दुसऱ्या वळणापर्यंत गेल्या होत्या. भावानं कद्दीश सुरू केला आणि सगळ्यांनी मिळून 'आमेन, येहे शेमे रब्बा' म्हटलं की वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागायचा. बाबांना हे फार आवडलं असतं.

आठव्या दिवशी सतरंज्या उचलल्या. भाऊ इस्राएलला, अशदोदला, परत गेला, त्याची नोकरी तिथली. आणि अकरा महिने सुरू झाले.

अकरा का, ते सांगते. मेलेल्याचा न्यायनिवाडा जास्तीत जास्त बारा महिने चालतो, तोही दुष्टाचा, अशी जुनी समजूत. बाराही महिने कद्दीश म्हणायचा म्हणजे आपणच आपल्या बापाला दुष्टांच्या रांगेत बसवल्यासारखं होतं. म्हणून लेकरानं एक महिना आधी थांबायचं. इतका बारीक विचार ज्या धर्मानं केला, त्या धर्मातली माणसं शुक्रवारी दुपारी फोन उचलत नाहीत, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

भाऊ त्याच्या गल्लीतल्या सिनेगॉगमध्ये उभा राहतो. तिथं दहा माणसांचा प्रश्नच येत नाही. इथं बाबांच्या मशिदीत माझा चुलतभाऊ उभा राहायचा, आणि फोन करायचं काम माझ्याकडे होतं. शुक्रवारी दुपारी जेवण झालं की यादी घेऊन बसायचं. शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा विसाव्याचा दिवस, सुरू झाल्यावर फोन लावता येत नाही, म्हणून सगळं सूर्य मावळायच्या आत. हिवाळ्यात तर मुंबईत सहाच्या सुमारालाच मावळतो, म्हणजे ऑफिसं सुटायच्याही आधी. उत्तरं ठरलेली असायची. 'बघतो.' 'बॉसला विचारतो.' 'गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना, जिने नको म्हटलेत.' ही सगळी मला मान्य आहेत. गुडघा काय, मलाही आहे. एक उत्तर मात्र फार लागायचं. 'अगं, मी गेल्या शुक्रवारी आलो होतो की!' म्हणजे माझ्या खात्यावर एक उपकार जमा झालेला आहे आणि एवढ्यात दुसरा मागायचा नाही. बाप गेलेल्या बाईला अशा वेळी काय वाटतं, ते सांगत बसत नाही. ती 'बरं, बरं, काही हरकत नाही' म्हणते आणि पुढचा नंबर लावते.

एकदा नऊ झाले. नऊ फार वाईट आकडा आहे. पाच असले की लोक प्रार्थना आटपून घरी जातात; नऊ असले की सगळे दाराकडे बघत बसतात. हझ्झानसाहेबांनी त्या दिवशी स्तोत्रं किती लांबवली ते मी बायकांच्या वरच्या गॅलरीतून ऐकत होते. शम्माश, म्हणजे मशिदीचा सेवक, दोनदा फाटकापर्यंत जाऊन आला. दारावरच्या हवालदारानं त्याला विचारलं, "काय झालं, कुणाची वाट बघताय?" शम्माशनं सांगितलं. तो भला माणूस म्हणाला, "मग मी येऊन बसू का? टोपी तर आहेच डोक्यावर." त्याला चालत नाही म्हणून सांगताना शम्माशचीच मान खाली गेली. शेवटी हझ्झानसाहेबांनी पान उलटलं आणि पुढचं सुरू केलं. चुलतभावानं कद्दीश देवनागरीत लिहिलेला कागद आणला होता, कारण त्याला हिब्रू अक्षरं भरभर वाचता येत नाहीत. त्यानं तो घडी करून खिशात ठेवला. खाली उतरल्यावर कुणी काही बोललं नाही, आणि 'पुढच्या शुक्रवारी बघू' असं मात्र तिघांनी सांगितलं.

आता कुणी म्हणेल, आणि कमिटीतल्या एकानं म्हटलंही, की मुलगा तिकडे कद्दीश म्हणतोय ना रोज, मग इथं नाही झाला एखादे वेळी तर काय बिघडलं? धर्मशास्त्राच्या हिशेबानं कदाचित काहीच बिघडलं नसेल. पण बाबा अशदोदच्या मशिदीत बसत नव्हते. ते इथं डाव्या भिंतीकडच्या तिसऱ्या बाकावर, पंख्याखाली बसत. रेल्वेत कारकून होते. पाच-पंचवीसची गाडी पकडून, जेवणाचा रिकामा डबा बाकाखाली सरकवून, घामेजल्या शर्टावर ते किती लोकांच्या बापांसाठी, आयांसाठी दहावे म्हणून उभे राहिले असतील! आई चिडायची, की घरी शब्बाथची तेलवात लावून मी वाट बघतेय आणि तुम्ही दुसऱ्यांच्या मयतांना पुरे पडताय. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं: "उद्या आपल्याला लागतील." आपल्याला लागले तेव्हा नऊ होते.

कद्दीश ज्यांनी कधी समजून घेतला नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्यात मरणाचा शब्दही नाही. मेलेल्याचं नाव नाही, आत्म्याला शांती नाही, स्वर्ग नाही. अरामी भाषेतली देवाची स्तुती आहे: त्याचं थोर नाव मोठं होवो, पवित्र होवो. नुकतंच ज्याचं माणूस देवानं नेलं त्यानं उठून देवाची स्तुती करायची, असा हा उलटा प्रकार. एकट्यानं भिंतीशी बसून हे कुणाच्या तोंडून निघणार? म्हणूनच दहा माणसं. तो एक ओळ म्हणतो, बाकीचे आमेन म्हणतात, आणि त्या आमेनच्या आधारानं त्याला पुढची ओळ म्हणता येते. आमेन म्हणणारं कुणी नसेल तर कद्दीशच नाही. ही अट काही विश्वस्तांनी घातलेली नाही, ती फार जुनी आहे, आणि ती शहाणपणाची आहे असं माझं मत आहे. माझं भांडण अटीशी नाही. ती पुरी करायचं ओझं कुणाच्या खांद्यावर, याच्याशी आहे.

शुक्रवारची संध्याकाळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. आत शिरताना दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला हात लावून बोटं ओठांना लावायची. तेबाभोवतीच्या, म्हणजे प्रार्थनेच्या चौथऱ्याभोवतीच्या, बाकांवर प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणाची जागा रिकामी दिसली की प्रार्थना चालू असतानाच भुवया उंचावून विचारणा होते, आणि बाहेर पडेपर्यंत बातमी आलेली असते: साखर वाढली, पडले, मुलीकडे मीरा रोडला गेलेत. किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाला, काळ्या मनुकांचं सरबत. कोशर, म्हणजे धर्माला चालणारी, वाईन आपल्याकडे कुठून येणार, म्हणून आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी मनुका भिजवून, उकळून, कुस्करून हे काढलं आणि आज बाटलीबंद आणून देणारे निघाले तरी मशिदीत तेच गोड लागतं. मग हाथबोशी. समोरच्याचा हात दोन्ही हातांत घ्यायचा, सोडायचा, आपली बोटं ओठांशी न्यायची; मग पुढचा. कमिटीचा अध्यक्ष आणि कर्ज बुडवलेला सभासद यांनाही एकमेकांचा हात घ्यावा लागतो. गेल्या निवडणुकीनंतर दोघांनी एकमेकांचा घेतला नव्हता हे मी वरून पाहिलेलं आहे, पण तो विषय वेगळा.

आणि दुखवट्यातला माणूस. त्यानं वर्षभर आपली नेहमीची जागा सोडून दुसरीकडे बसावं, असा जुना रिवाज आहे. आत येणाऱ्याला न विचारता कळतं, की हा आज इथं बसलाय म्हणजे याच्या घरात काय झालं आहे. शोकसभा, श्रद्धांजलीचं पत्रक, वॉट्सॲपवरचे जोडलेले हात यांपैकी काहीही लागत नाही. दर आठवड्याला त्याच खोलीत तीच माणसं असली, की दुःख सांगावं लागत नाही आणि लपवावंही लागत नाही. पण त्यासाठी ती माणसं त्या खोलीत असायला हवीत!

नाहीत, आणि ती का नाहीत हे मला चांगलं कळतं. स्वातंत्र्याच्या सुमाराला आपण वीस हजारांवर होतो, आज सगळ्या देशात चार-पाच हजार असू. १९४८ नंतर घरंच्या घरं इस्राएलला गेली. दिमोना, बेर शेवा, लोद, अशदोद. तिथं आपली माणसं 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक काढतात आणि इथल्या पोरांना मराठी वाचायचा कंटाळा. रेवदंडा, अलिबाग, पेण इथल्या मशिदी एकोणिसाव्या शतकात बांधल्या तेव्हा माणसांनी भरलेल्या होत्या; आज त्या गावांत आपली कुटुंबं बोटांवर मोजावीत इतकी. जी मुंबईत राहिली ती भायखळा, नागपाडा, आग्रीपाडा सोडून ठाणे, कल्याण, मीरा रोडला पांगली. शब्बाथला वाहनात बसू नये हा नियम. तो पाळायचा तर मशिदीत यायचं नाही, आणि यायचं तर तो मोडायचा. बहुतेक जण मोडून येतात आणि कोपऱ्यावर रिक्षातून उतरून उरलेली पावलं चालत येतात. देवाला फसवण्याचा हा प्रकार मला मनापासून आवडतो.

म्हणजे माणसं कमी आहेत हे खरं. पण मला सांगा, दारफाळनीच्या सणाला, म्हणजे किप्पुरच्या मोठ्या उपासाला, पांढऱ्या कपड्यांतली ती गर्दी कुठून येते? त्या दिवशी मागच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्च्या टाकाव्या लागतात. मलिद्याला, लग्नाला, नववर्षाच्या नव्या सणाला माणसं असतात. मोठा आघात झाला तरी असतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात सहा जणांना मारलं. त्यानंतर काळाघोड्याच्या कनेसेथ एलियाहू सिनेगॉगमध्ये प्रार्थना झाली, तिथल्या धर्मगुरूंचा दोन वर्षांचा पोरका मुलगा आईला हाका मारत होता, ते साऱ्या जगानं टीव्हीवर पाहिलं. नरिमन हाउसशी आपल्यातल्या कितीकांचा रोजचा संबंध होता? तरी त्या आठवड्यात आपल्या मशिदीतही बसायला जागा नव्हती. दारावरचा हवालदार तेव्हापासूनचा. तो राहिला, गर्दी ओसरली.

अमेरिकेतलं पिट्सबर्गही मला या संदर्भात आठवतं. २७ ऑक्टोबर २०१८, शनिवारची सकाळ, ट्री ऑफ लाइफ सिनेगॉग. बंदूकधाऱ्यानं अकरा जणांना मारलं. त्यांतली सर्वांत वयस्कर बाई सत्त्याण्णव वर्षांची होती. एकाच इमारतीत तीन वेगवेगळ्या मंडळींच्या प्रार्थना चालत, आणि मारले गेले ते वेळेवर येऊन बसलेले, दर आठवड्याला येणारे लोक. उशिरा येणारे वाचले. पुढच्या शब्बाथला जगभरची सिनेगॉगं भरली. ते चांगलंच झालं. पण गेलेले अकरा जण कुठल्या आघातासाठी म्हणून आले नव्हते, ते नेहमीसारखे शनिवार होता म्हणून आले होते. अशा माणसांवरच मिनियान चालतं, पिट्सबर्गला काय आणि इथं काय.

करोनात आपल्याला याची चव मिळाली होती. मार्च २०२० मध्ये राज्यातली सगळी प्रार्थनास्थळं बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद, ती थेट घटस्थापनेला, ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. त्या काळात जे गेले त्यांच्यामागे दहा सोडा, खांदा द्यायला चौघं नव्हते. मोबाइलच्या पडद्यावर दहा चौकोन दिसले तर मिनियान धरायचं का, यावर आपल्या ग्रुपवर कडाक्याचे वाद झाले. दारं उघडल्यावर पहिल्या शुक्रवारी आपण सगळ्यांनी एकमेकांना काय सांगितलं होतं, आठवतं? 'आता एक शब्बाथ चुकवणार नाही.' मास्कमधून म्हटलं होतं म्हणून ते विरलं असेल.

आता माझ्या मागण्या.

फोन कमिटीनं करायचे. दुखवट्यातल्या घरानं एकही फोन करायचा नाही. अकरा महिने कद्दीश कुणाचा चालू आहे याची नोंद ऑफिसात असतेच, हश्कावाच्या, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या, पावत्या फाडल्या जातात तेव्हा ती बरोबर सापडते. त्या नोंदीवरून दर महिन्याला दोन सभासदांची पाळी लावा. गुरुवारी रात्री विचारायचं, शुक्रवारी दुपारी नव्हे. माणसाला ऑफिसात सांगायला वेळ मिळाला पाहिजे. आकडा कमी पडतोय असं दिसलं तर दुसऱ्या मशिदीला कळवायचं. इथं मला एक कडू बोलावं लागेल. या शहरात शुक्रवारी संध्याकाळी एका मशिदीत सात आणि चालत वीस मिनिटांवरच्या दुसऱ्या मशिदीत सात माणसं बसलेली आपल्याला चालतात, पण एकीत चौदा बसलेली चालत नाहीत. का? तर ट्रस्ट वेगळे, हझ्झान वेगळा, आणि पन्नास वर्षांपूर्वी कुणाच्या तरी आजोबांना कुणी तरी सेफर, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, उचलायचा मान दिला नव्हता. एक आठवडा त्यांच्याकडे, एक आठवडा आपल्याकडे, एवढं ठरवायला कुठल्या घटनादुरुस्तीची गरज आहे?

शुक्रवार जमतच नसेल तर रविवार सकाळ पक्की करा. कद्दीश शब्बाथलाच म्हणायचा असा काही दंडक नाही. तो रोजच्या प्रार्थनेतला आहे, आपल्यालाच रोज जमत नाही. रविवारी ऑफिस नाही, रिक्षात बसायला मज्जाव नाही, क्लासवाल्या पोरांना आणता येतं, तेफिलीन, म्हणजे प्रार्थनेच्या चामडी पट्ट्या, बांधायला शिकवता येतं. नंतर कांदेपोहे आम्ही करू. पोह्यांना माणसं येतात हे मलिद्यानं कधीच सिद्ध केलं आहे.

तिसरी मागणी बायकांची आहे, आणि ती वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडणार हे मला ठाऊक आहे. दहांत आम्हाला मोजा, असं मी आज म्हणत नाही. म्हणावंसं वाटतं. भायखळ्याच्या सुधारणावादी रोदेफ शालोम सिनेगॉगमध्ये, ज्यूइश रिलिजियस युनियनमध्ये, ही वाट फार आधी निघाली. १९२५ साली ती संस्था उभी करण्यात कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड यांचा पुढाकार होता, आणि त्या आपल्यातल्याच. पण आपली मशीद त्या वाटेची नाही, हे मी मान्य करून इथं बसते. माझं मागणं एवढंच, की खाली दहा पुरुष हजर असताना गॅलरीतल्या लेकीलाही आपल्या बापाचा कद्दीश मोठ्यानं म्हणू द्या. त्यानं दहाचा आकडा मोडत नाही. परदेशातल्या कितीतरी कर्मठ सिनेगॉगांतही हे चालतं. मी बाबांचा कद्दीश अकरा महिने ओठांतल्या ओठांत म्हटला, चुलतभावाच्या मागे अर्धी ओळ, कारण शेजारच्या बाकावरच्या आंटीनं पहिल्याच दिवशी 'शू' केलं होतं. माझा तो चुलतभाऊ गुणी आहे, त्यानं नेमानं केलं. पण तो बाबांचा मुलगा नव्हता आणि मी मुलगी होते.

हेन्रिएटा सोल्ड नावाची एक बाई अमेरिकेत होऊन गेली. हदासा ही स्त्रियांची मोठी संघटना तिनं काढली. तिला सात बहिणी, भाऊ नाही. १९१६ साली तिची आई गेली तेव्हा एका स्नेह्यानं कळवलं, की मी तुमच्या आईसाठी कद्दीश म्हणतो. तिनं त्याचे मनापासून आभार मानले आणि नको म्हणून कळवलं. हे काम माझं आहे, ते मी दुसऱ्याला देऊ शकत नाही. तिनं लिहिलं, की आमच्या वडिलांना मुलगा नसल्याची खंत कधी वाटली नाही. या पत्राला शंभर वर्षं उलटून गेली. आपण अजून 'शू' करतोय.

बिरड्याच्या सणाआधी कमिटीची बैठक आहे. त्या सणाला आपण जमिनीवर बसून हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या यरुशलेमच्या मंदिरासाठी रडतो. रडावंच. मी दर वर्षी वालाची बिरडी सोलते आणि विलापगीतं ऐकते. पण दोन हजार वर्षांमागच्या दुःखाला आपण बरोबर वेळेवर हजर राहतो आणि बाजूच्या बिल्डिंगमधल्या दुःखाला 'बघतो' म्हणतो, याचा जाब त्या बैठकीत कुणी तरी विचारावा. कुणी विचारला नाही तर मी विचारीन. सभासद म्हणून मला बोलायचा हक्क आहे, वर्गणी भरलेली आहे.

पहिल्या महिन्याची फोनची पाळी मी घ्यायला तयार आहे. माझे अकरा महिने संपले, आता मला दुसऱ्यासाठी फोन करताना लाज वाटणार नाही, आणि 'गेल्या शुक्रवारी आलो होतो' म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं तेही मी शिकले आहे. माझा नंबर हझ्झानसाहेबांकडे आहे. पुरुषांची यादी मात्र ऑफिसनं नवी करून द्यावी. मला मागे जी दिली होती तिच्यातले चौघं आता अशदोदला आहेत आणि तिघं वरळीला, बाबांच्या रांगेत.

आपली नम्र,
गॅलरीत बसणारी एक सभासद